पालकसभा की घरभेट?

मोहोळ तालुक्यातल्या आमच्या अंगणवाडीत दोन्ही करून पाहिलं. पालकसभेला तासाभरात वीसेक आया भेटतात, वजनाचा तक्ता सगळ्यांना एकदम दाखवता येतो. पण ज्वारीची काढणी लागली की सतरंजी रिकामी. वडील तर क्वचितच फिरकतात.

घरभेटीत दिवसाला तीन-चार घरंच होतात. पण परवाचंच सांगते. आजी सुपात मालदांडी ज्वारी पाखडत होत्या, चार वर्षांचा नातू शेजारी खडे वेचत होता. म्हटलं, "आजी, खडे त्याला मोजू द्या. मोठे-बारके वेगळे करू द्या." दुसऱ्या दिवशी पोरगं मूठभर खडे घेऊन अंगणवाडीत हजर! सभेत मला हे सुचलंच नसतं, तिथं ते सूप कुठून येणार? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं येईनात तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना त्यातूनच रुजली.

लसीकरण, आहार यांची माहिती सभेतच द्यावी. भाषा, खेळ, मोजणी यांसाठी मात्र मी घरभेटच धरते, आणि जाते तीही दिवेलागणीला, वडील रानातून परतल्यावर.