रॉकेट बॉइज, बाबांच्या शेजारी बसून बघितलेली

सोनी लिव्हवर रॉकेट बॉइज या सिरीजचा पहिला सीझन आला फेब्रुवारी २०२२ मधे, दुसरा मार्च २०२३ ला, आणि मी दोन्ही आत्ता कुठे पूर्ण बघितले कारण मला ते बाबांबरोबरच बघायचे होते आणि मधे त्यांची दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशन्स झाली. बाबा १९६४ साली मुंबईत ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्रात टर्नर (लेथवर धातूचे भाग कातणारा) म्हणून लागले, तेव्हा त्याला बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) म्हणत नव्हते, भाभांचं नाव १९६७ ला दिलं, आमच्याकडे अजूनही ट्रॉम्बेच म्हणतात. तर हा रिव्ह्यू माझा, बाबांचा आणि दहावीतल्या माझ्या लेकीचा असा तिघांचा धरा, कारण तिघांची मतं वेगळी आहेत आणि मला तिन्ही पटतात.

आधी हे सांगते की बघाच. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा आणि अवकाश संशोधनवाले विक्रम साराभाई या दोघांवर एवढी मन लावून केलेली सिरीज आपल्याकडे आधी झालेली मला तरी माहीत नाही. जिम सर्भने भाभा जे उभे केलेत ना, तो ताठा, ती घाई, समोरच्याला बोलूच न देणं, सूट घालून चित्रं आणि संगीतात रमणं, सगळं एकाच माणसाचं वाटतं. भाभा खरंच तसे होते, रामन यांनी १९४१ ला नागपूरच्या सभेत त्यांची ओळख आजचा लिओनार्दो दा विंची अशी करून दिली होती आणि भाभांनी रामन यांचं पेन्सिल स्केचही काढलेलं आहे. इश्वाक सिंगचा साराभाई शांत आहे, काहींना तो फिका वाटतो, माझ्या बहिणीलाही वाटला, पण मला तो शांतपणाच आवडला, दहा वर्षांनी मोठ्या आणि आवाजाने खोली भरून टाकणाऱ्या मित्रासमोर ठाम उभं राहायचं तर असंच राहावं लागेल. साराभाईंची बायको, रेजिना कॅसांड्राची मृणालिनी, तर फारच छान. नवरा सतत कामात आणि बाई स्वतःची 'दर्पण' ही नृत्यसंस्था उभी करतेय, हे एकटेपण तिने एकदाही रडारड न करता दाखवलंय. अचिंतचं संगीत सुरू झालं की लेक किचनमधून पळत यायची, टायटल्स कधी स्किप केली नाहीत.

आता बाबांचं. बाबा प्रत्येक सीनमधे माणसांच्या छातीकडे बघत होते, मला आधी कळेना, मग म्हणाले, "अगं, फिल्म बॅज शोधतोय." आत जाताना लावायचा, जाताना परत ठेवायचा, किती रेडिएशन लागलं ते त्या फिल्मवरून नंतर कळायचं, आणि बाबांच्या लेखी तो बॅज नसेल तर माणूस आत गेलाच नाही. अप्सरा सुरू होते त्या भागाला त्यांनी तीन वेळा थांबवायला लावलं. ४ ऑगस्ट १९५६, आशियातली ती पहिली अणुभट्टी (रशिया सोडून), इंधन ब्रिटनकडून आलं पण डिझाइन आणि बांधणी आपल्या लोकांची, आणि पाण्याच्या हौदात खोल ती निळी प्रभा दिसते म्हणून नेहरूंनी अप्सरा नाव ठेवलं. बाबा त्यानंतर आठ वर्षांनी लागले, पण ती निळाई त्यांनी कठड्यावरून वाकून स्वतः बघितलीय, म्हणाले, "टीव्हीवर येत नाही तो रंग." त्यांची खंत एवढीच की सोळा भागांत लेथवर उभा असलेला माणूस जवळजवळ दिसतच नाही, दिसतात ते फळ्यासमोर बोलणारे. ड्रॉइंग आलं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) इतका बारीक की जॉब चार वेळा स्क्रॅप झाला, पाचव्यांदा मायक्रोमीटर लावून सगळे श्वास धरून उभे, हा थरार कुठल्याही सिनेमाएवढाच असतो आणि तो त्यांनी आम्हाला पोहे खाताना सांगितला.

केरळातल्या थुंबाच्या रॉकेट केंद्राच्या भागाबद्दल आमचं तिघांचंही एकमत आहे. २१ नोव्हेंबर १९६३ चं ते उड्डाण, रॉकेट अमेरिकेचं नाइकी अपाची, आतला सोडियमचा पेलोड फ्रान्सचा, ऑफिस मेरी मॅग्डलीनच्या चर्चमधे कारण तिथल्या बिशपांनी गावकऱ्यांना विचारून ते देऊन टाकलं, आणि रॉकेट लाँचरवर चढवताना क्रेनच्या हायड्रॉलिकमधे गळती, शेवटी माणसांनी हाताने उचललं. हे कलामांनी स्वतः लिहून ठेवलंय. सूर्य मावळल्यावर आकाशात नारिंगी ढग पसरला तो केरळभर लोकांनी मान वर करून बघितला. हे सगळं घडलेलं आहे, यात एक अक्षर घालायची गरज नाही, आणि म्हणूनच मला पुढच्या गोष्टीचा राग येतो.

रझा मेहदी नावाचं पात्र. दिब्येंदु भट्टाचार्यने काम अप्रतिम केलंय, त्याच्याबद्दल तक्रारच नाही. पण असा शास्त्रज्ञ नव्हता, आणि कलकत्ता, भाभांशी वैर, संसदेतली टीका हे सगळं बघून ज्याला थोडं माहितेय त्या प्रत्येकाला मेघनाद साहाच आठवणार. साहा कोण, तर ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा पोरगा, जातीमुळे हॉस्टेलमधे वेगळं बसवलेला, ज्याने १९२० ला ताऱ्यांच्या तापमानाचं कोडं सोडवणारं समीकरण दिलं आणि १९५२ ला अपक्ष उभा राहून लोकसभेत गेला. तिथे त्याने विचारलं की अणुऊर्जेचं काम एवढं गुप्त का, आणि पैसा विद्यापीठांना सोडून वेगळ्या संस्थांनाच का. हा प्रश्न आजही जिवंत आहे! श्रीमंत पारशी घरातला भाभा आणि हा साहा, दोघंही देशासाठीच भांडतायत, यापेक्षा मोठं नाट्य लेखकाला कुठे मिळणार होतं? साहा १९५६ च्या फेब्रुवारीत दिल्लीत योजना आयोगाच्या ऑफिसला जाताना रस्त्यातच गेले, अप्सरा सुरू व्हायच्या सहा महिने आधी. त्यांच्या जागी एक काल्पनिक माणूस आणला, वर त्याला मुसलमान केला आणि मग त्याच्या निष्ठेवर भागच्या भाग संशय, हे मला फार लागलं. भाभांची मैत्रीण पिप्सी वाडिया खरी होती, सिरीजमधे तिच्यावरून परवाना इराणी हे पात्र केलंय, त्याचं एवढं नाही वाटत, तिच्यामुळे कोणाचा हक्क हिरावला गेला नाही.

दुसरा सीझन पहिल्यापेक्षा कमी पडतो. बाँब, सीआयए, हेर, पाठलाग, यात विज्ञान मागे राहतं. भाभांचं विमान २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लांवर आपटलं, ११७ माणसं गेली, चौकशीत निघालं की जिनिव्हाला उतरताना पायलटचा विमान कुठे आहे याचा अंदाज चुकला. घातपाताची चर्चा तेव्हापासून आहे, पण सिद्ध काही झालेलं नाही, आणि सिरीज मात्र ते झालंच अशा थाटात दाखवते. त्या भागानंतर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सोमवार होता. माझ्या लेथवर जॉब चढवलेला, चार्जमन येऊन सांगून गेला, आणि मशीन बंद करायचं कोणाला सुचलंच नाही, नुसती फिरत राहिली." त्याच दिवशी इंदिराबाईंनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली होती, ते त्यांना रात्री रेडिओवर कळलं.

लेक दर भागाला विचारायची, "आई, हे खरं होतं का?" आणि मला दर वेळी फोन काढून बघावं लागायचं. हीच माझी मोठी तक्रार आहे, सुरुवातीला पाटी टाकतात की काही पात्रं काल्पनिक आहेत, पण कुठली ते शेवटी नावं देऊन सांगायला काय हरकत होती? शोधता शोधता तिला बिभा चौधुरी सापडल्या, टीआयएफआर (भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था) मधल्या पहिल्या महिला संशोधक, १९४९ ला भाभांकडे आलेल्या आणि पुढे अहमदाबादला साराभाईंच्या पीआरएल या भौतिकी प्रयोगशाळेतही काम केलेल्या. म्हणजे दोन्ही हिरोंबरोबर काम केलेली बाई, आणि ती आम्हाला सोळा भागांत कुठे दिसली नाही. आपल्या कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस, थुंबाची जागा शोधण्यात ज्यांचा हात होता, त्यांचंही नाव मला ऐकू आलं नाही. वसंतराव गोवारीकर थुंबाला आले १९६७ ला, त्यांच्या रॉकेटच्या घन इंधनावरच एक अख्खा सीझन होईल.

बाबांनी आता पहिला भाग परत लावलाय, एकटेच बघतायत, आवाज मोठा करून. काल त्यांनी नातीला पेपरच्या कडेला तो हौद काढून दाखवला, वरचा पूल, खाली लोंबणारा गाभा, आणि कठड्याला धरून वाकलेला एक माणूस.