रंगाखालचा पत्रा: जुन्या एमजीबी जीटीच्या कामात झालेली फसवणूक

जुनी मोटार घरच्या घरी दुरुस्त करून रस्त्यावर आणण्याचे ज्यांच्या मनात आहे, आणि त्यातले पत्र्याचे काम ज्यांना बाहेर द्यावे लागणार आहे, त्यांनी माझा हा अनुभव कृपया वाचावा. त्यात माझे ३,२०० पाउंड गेले, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, वेळीच लक्षात आले नसते तर मी त्याच गाडीत मुलीला शेजारी बसवून प्रवासाला निघालो असतो.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो आणि माझ्याकडे एमजी या ब्रिटिश कंपनीची १९७२ सालची एमजीबी जीटी आहे. ही दोन दारांची कूपे १९६५ साली बाजारात आली. उघड्या टपाच्या एमजीबीवर मागे उतरत जाणारे पक्के छप्पर बसवण्याच्या कामात इटलीच्या पिनिनफरिना या मोटारींचे आरेखन करणाऱ्या संस्थेचा हात होता, आणि १९८० च्या ऑक्टोबरात एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत ती तिथे तयार होत राहिली. इंजिन १,७९८ सीसीचे, समजायला सोपे, आणि सुटे भाग आजही सहज मिळतात, म्हणून मी हीच गाडी निवडली. दोन हिवाळे खपून मी आणि माझ्या मुलीने इंजिन उतरवून उघडले, इंजिनला पेट्रोल-हवेचे मिश्रण पुरवणारे दोन्ही एसयू कार्ब्युरेटर स्वच्छ करून बसवले, ब्रेकचे पाइप बदलले. वेल्डिंग मात्र मला येत नाही, आणि नवशिक्या हाताने करून पाहावे असे ते कामही नव्हते.

या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, नसते, हे इथे नीट सांगितले पाहिजे. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी पत्र्याची पेटी जाते, तिला सिल म्हणतात, आणि गाडीचा ताठपणा मुख्यतः तिच्यात असतो. बाहेरून एकच पत्रा दिसतो, पण त्यामागे एक उभा पडदा, त्याच्या आत आणखी एक सिल, आणि तळाशी किल्ल्याच्या तटासारख्या खाचांमुळे ‘कॅसल’ म्हणून ओळखला जाणारा पत्रा, अशी ती थरांनी बनलेली असते. पावसाचे पाणी आणि इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकतात ते मीठ आत साचून ती आतून कुजत जाते. बाहेरचा सिल पुढच्या आणि मागच्या मडगार्डांच्या आतपर्यंत गेलेला असतो. त्यामुळे तो खरोखर बदलायचा असेल, तर बोल्टांवर बसवलेले पुढचे मडगार्ड उतरवावेच लागते आणि मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो.

एका परिचितांच्या ओळखीने मी एका वेल्डरकडे गेलो. माणूस बोलायला अतिशय नम्र होता आणि त्याच्या शेडमध्ये जुन्या चार-पाच गाड्या उभ्या होत्या, त्यामुळे मला विश्वास वाटला. दोन्ही बाजूंचे सिल आणि कॅसल बदलायचे, असे तोंडी ठरले. सुरुवातीला १,२०० पाउंड दिले, आणि तीन आठवड्यांनी त्याने कापलेल्या सिलचे फोटो पाठवून पत्रे आणल्याचे कळवल्यावर उरलेले २,००० पाउंड मी बँकेतून त्याच्या खात्यावर भरले. गाडी घरी आली तेव्हा सिलवर तांबडा रंग चकाकत होता आणि तळाला काळ्या डांबरी लेपाचा जाड थर होता. तो लेप गंज रोखण्यासाठी आहे, असे त्याने सांगितले.

पुढच्या रविवारी चाक काढायचे म्हणून मी डाव्या बाजूने जॅक लावला. गाडी जेमतेम चार बोटे उचलली गेली असेल, तोच मुलगी म्हणाली, “बाबा, दार उघडत नाहीये.” सिल धड असेल तर जॅकवर दाराची फट बदलत नाही. मी फ्रिजवरचे लोहचुंबक आणून दाराखाली टेकवले. ते धरले नाही, सरकत खाली पडले. मग पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहिले, तर पत्र्याच्या खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला. रंग खरवडल्यावर आत गुलाबी फिलर निघाला, ज्याला आपल्याकडे गॅरेजमध्ये लांबी म्हणतात. त्याच्या आत ॲल्युमिनियमची जाळी आणि तिच्याखाली फुगणारा फोम होता. जिथे पत्रा होता, तिथेही जुन्या सिलवरच एक पातळ पट्टी चढवून टाके मारले होते, आणि आतला गंज पापुद्र्यांनी हातात येत होता.

माझे वडील दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये बसच्या बॉडी बांधत असत. त्यांना मी व्हिडिओ कॉलवर सिल दाखवू लागलो, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले. “ते राहू दे, मडगार्डचे बोल्ट दाखव मला.” बॉनेट उघडून दाखवले. सहाही बोल्टांच्या डोक्यांवर जुना, कडक झालेला रंग जसाच्या तसा होता. “अरे, ह्यांना पाना लागलेलाच नाही. रंगाच्या आधी तू बघायला गेला नव्हतास का?” मी गेलो नव्हतो, फोटोंवर विसंबलो होतो. ते फोटो मोठे करून पाहिल्यावर कापलेल्या कडेला आतून हिरवा रंग दिसला. माझी गाडी तांबड्याखाली मूळची पांढरी आहे. फोटो दुसऱ्याच गाडीचे होते.

इथे ४० वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरबदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. याचा अर्थ रंग आणि डांबर चढल्यावर त्याखाली कोणी अधिकारी पाहीलच, याची हमी उरलेली नाही. म्हणून नवा पत्रा जोडल्यानंतर आणि कोणताही लेप लावण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहायचे, आणि दुसरा हप्ता त्यानंतरच द्यायचा, ही अट आधीच लिहून घ्यावी. बिलावर काय लिहिले जाते याकडेही लक्ष द्यावे. माझ्या बिलावर ‘सिल दुरुस्ती’ एवढेच होते, आणि ‘बदलण्याचे ठरलेच नव्हते’ असे म्हणायला त्याला तेवढे पुरेसे झाले. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते, तर १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याप्रमाणे १०० पाउंडांवरच्या व्यवहारात कार्ड कंपनीकडेही दाद मागता आली असती. बँकेतून थेट पाठवलेल्या पैशांना ते संरक्षण नाही.

तरीही मी गप्प बसलो नाही. काम वाजवी कौशल्याने व्हायला हवे, असे २०१५ चा ग्राहक हक्क कायदा सांगतो, आणि १०,००० पाउंडांपर्यंतचे दावे वकिलाशिवाय लहान दाव्यांच्या न्यायालयात चालवता येतात. दुसऱ्या वेल्डरचा लेखी अहवाल, खरवडलेल्या सिलचे फोटो आणि त्या सहा बोल्टांचा फोटो मी जोडला. मध्यस्थीत त्याने १,५०० पाउंड परत देण्याचे मान्य केले आणि ते आले. बाकीचे मी सोडून दिले, कारण खटला लांबवण्यापेक्षा मला गाडी सुरक्षित करायची होती.

सध्या उजवी बाजू उघडलेली आहे. पुढचे मडगार्ड उतरवून आमच्या शेडमध्ये ठेवले आहे, आणि पत्रा कापताना बॉडी खाली बसू नये म्हणून नव्या वेल्डरने दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी बार टाकला आहे. कापण्यापूर्वी दाराच्या फटीची मापे मुलीने चिकटपट्टीवर लिहून काचेला लावली, आणि दर शनिवारी वेल्डरकडे जाऊन ती पुन्हा मोजते.