रॉटरडॅममधला स्वस्त फ्लॅट आणि दाराशेजारचा स्टीलचा गोळा

मंडळी, हे लिहायला दोनेक वर्षं लागली कारण खरं सांगायचं तर लाज वाटत होती. मी डोंबिवलीचा. ओसी, पागडी, पळून गेलेला बिल्डर हे सगळं लहानपणापासून ऐकत आलोय, बाबांनी फ्लॅट घेताना वकील लावून तीस वर्षांचा सर्च काढला होता. आणि मी इथे नेदरलँड्समध्ये डच भाषेतल्या करारावर न वाचता सही ठोकली, का तर म्हणे इथे सगळं नियमाने असतं, इथे कोण फसवणार!

2022 चा वसंत. भाड्यात महिन्याला 1,350 युरो जात होते, मार्केट पेटलेलं, फुंडावर, म्हणजे इथल्या घरविक्रीच्या वेबसाइटवर, घर दिसायचं आणि व्ह्यूइंगचा स्लॉट मिळेपर्यंत विकलेलं असायचं. तेव्हा गणपतीतल्या ओळखीतून एक जण भेटला, आपलाच मराठी माणूस, "मी माकेलार आहे, आपल्या लोकांना घरं मिळवून देतो" म्हणाला. माकेलार म्हणजे घरांचा एजंट. फी 2,500. मला तेव्हा माहीत नव्हतं की इथे माकेलार ही पदवी 2001 पासून कायद्याने संरक्षित नाही, उद्या तुम्हीसुद्धा दारावर पाटी लावू शकता. एनव्हीएमसारख्या माकेलारांच्या संघटनेचा मेंबर आहे का एवढं तरी बघायचं होतं. नाही बघितलं.

त्याने दाखवला दक्षिण रॉटरडॅममधला, हिलेस्लाउसमधला फ्लॅट. 52 स्क्वेअर मीटर, दुसरा मजला, युद्धाच्या आधीची विटांची बिल्डिंग, सहा घरं. एरिया मला लगेच आवडला आणि अजून आवडतो, तक्रार एरियाबद्दल नाहीच. खाली तुर्की बेकरी, पुढे पोलिश दुकान, सुरिनामी रोटीवाला, बुधवार-शनिवार आफ्रिकान्डर मार्केटमध्ये भेंडी आणि कोथिंबीर. आतून सगळं नवीन, पांढरा रंग, नवीन लॅमिनेट. मालक तिथे कधी राहिलाच नव्हता, भाड्याने द्यायचा. मागणी 1,99,000.

बाहेर मुख्य दाराशेजारी गुडघ्याएवढ्या उंचीवर विटेत एक छोटा स्टीलचा गोळा ठोकलेला होता. मी विचारलं हे काय. "काही नाही रे, केबलवाल्यांचं असतं." बरं म्हटलं.

मग त्याचा सल्ला सुरू. 2,25,000 ची बोली लाव, आणि इन्स्पेक्शनची अट (म्हणजे तपासणीत मोठा दोष निघाला तर माघार घेता येते ती) काढून टाक, अट ठेवलीस तर घर गेलंच समज. कर्ज घराच्या किमतीच्या 100 टक्क्यांपर्यंतच मिळतं, व्हॅल्युएशन आलं 2,14,000, म्हणजे वरचे 11,000 माझ्या खिशातून. पस्तिशीच्या आत असल्याने ट्रान्सफर टॅक्स माफ झाला, त्या आनंदात मी होतो. त्याच व्हॅल्युएशन रिपोर्टमध्ये फाउंडेशनच्या, म्हणजे बिल्डिंगच्या पायाच्या, जोखमीबद्दल एक उतारा होता. मी फक्त आकडा बघितला आणि बँकेला फॉरवर्ड केला.

सही केल्यावर खरेदीदाराला तीन दिवस विचार बदलता येतो, काही कारण न देता. ते तीन दिवस मी पडदे बघण्यात घालवले. करारात दोन कलमं होती जी आता मला तोंडपाठ आहेत. एक, घर जुनं आहे तेव्हा नव्या घरासारख्या दर्जाची अपेक्षा धरू नये. दुसरं, मालक इथे राहिलेला नाही त्यामुळे राहणाऱ्याला कळले असते असे दोष त्याला माहीत नसतील. नोटरीकडे दुभाषी होती, समजलं का विचारलं, मी हो म्हणालो. सगळे हो म्हणतात.

नोव्हेंबरमध्ये व्हीव्हीईची, म्हणजे आपल्या सोसायटीची, मीटिंग झाली. सगळं डचमध्ये. तळमजल्यावरच्या सुरिनामी आजी शेजारी बसल्या होत्या, त्या सारनामीत, म्हणजे सुरिनामी हिंदुस्तानींच्या बोलीत, सांगतायत आणि मी मुंबईच्या हिंदीत "क्या? कितना?" करतोय. तर बिल्डिंग लाकडी पाइल्सवर, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या खांबांवर, उभी आहे. लाकूड भूजलाखाली बुडालेलं असेपर्यंत टिकतं, पाणी खाली गेलं की वरच्या टोकांना हवा लागते, बुरशी येते आणि ते कुजतं. तपासणीचा रिपोर्ट 2019 मध्येच आलेला. तो गोळा म्हणजे बिल्डिंग किती खचतेय ते मोजायचा मापाचा बोल्ट, केबलवाल्यांचा काही संबंध नाही! आता तळमजल्याची फरशी उखडून आतून स्टीलचे नवीन पाइल दाबायचे, खर्च 2 लाख 10 हजार, सहा घरं, प्रत्येकी 35,000. सोसायटीच्या खात्यात चार हजार. 2018 पासून नियम असा आहे की दुरुस्तीच्या आराखड्याप्रमाणे नाहीतर बिल्डिंग पुन्हा बांधायच्या खर्चाच्या वर्षाला किमान 0.5 टक्के बाजूला टाकायचे, आमच्याकडे महिना 40 युरो भरायचे, जेमतेम निम्मे. तो 40 चा आकडा मला "मेंटेनन्स किती कमी बघ" म्हणून विकला गेला होता.

आणि मालकाला माहीत होतं का? काडास्टरवर, म्हणजे इथल्या जमीन-घर नोंदणी कार्यालयाच्या साइटवर, थोडे पैसे भरून बघितलं, त्याने 2017 मध्ये घेतलेला. 2019 च्या मीटिंगला त्याचं मुखत्यारपत्र होतं, आजींकडे मिनिट्स होते. मला मिळालेल्या फाइलमध्ये बरोबर ते एक वर्ष नव्हतं.

वकिलाने अर्ध्या तासात सांगितलं की दोष सांगणं विकणाऱ्याचं काम पण शोधणं घेणाऱ्याचं, आणि तुम्ही मिनिट्स मागितलेच नाहीत. लढता येईल, पण वर्ष-दीड वर्ष जाईल आणि फी वेगळी. मी सोडून दिलं. साध्या इन्स्पेक्शनमध्ये जमिनीखालचे पाइल दिसत नाहीत हे खरं, पण लॅमिनेटखाली फळ्या घालून फरशी लेव्हल केली होती, दरवाजे वरून तिरके तासले होते, ते अनुभवी माणसाने दहा मिनिटांत पकडलं असतं. आता कुणी विचारलं तर मी आधी हेच विचारतो, तीन वर्षांचे मिनिट्स हातात आले का, आणि महापालिकेच्या फाउंडेशन डेस्कला फोन केलास का.

आपल्या मराठी माणसाचं राहिलंच की. त्याला मालकाकडूनही पैसे मिळाले होते हे नंतर कळलं. एका सौद्यात दोन्हीकडून फी घेणं इथल्या कायद्यात बसत नाही, तसं रजिस्टर्ड पत्र पाठवलं तर 1,000 परत आले, बाकीचे "बघू" वर आहेत. यंदाही गणपतीत दिसला. प्रसादाच्या रांगेत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "पण किंमत वाढली ना रे घराची?"