पेटी मिटल्यावर काय उरतं: जळगावातल्या एका सरगम वर्गाविषयी

जळगावात महाबळ भागात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर गाण्यांची सरगम म्हणायला शिकवणारा ४ महिन्यांचा वर्ग चालतो. शनिवार-रविवार, दर वेळी सव्वा तास, एका तुकडीत जास्तीत जास्त ८ जण, फी महिन्याला १२०० रुपये. नेहमीचा गाण्याचा क्लास समजून गेलात तर हिरमोड होईल. आलाप, ताना, नवी गाणी बसवणं यातलं इथे काही नाही. काम एकच: तोंडपाठ असलेल्या गाण्याचे शब्द काढायचे आणि तीच चाल सा-रे-ग-म मध्ये गायची, स्वर स्वतःच्या कानाने शोधून.

कानाने शोधणं हाच खरा मुद्दा आहे. सरगम शिकवतो म्हणणाऱ्या बऱ्याच ठिकाणी स्वर फळ्यावर लिहून देतात, मुलं ते पाढ्यासारखे घोकतात आणि घरच्यांना वाटतं की जमलं. पडताळा घेणं अगदी सोपं आहे. पेटी (हार्मोनियम) मिटा, मुलाला चांगली ओळखीची पण वहीत कधी न उतरवलेली एक ओळ द्या आणि तिचा तिसरा स्वर विचारा. सांगता आला तर सरगम येते. नाही आला तर नुसती अक्षरं पाठ आहेत. या वर्गालाही आम्ही हीच कसोटी लावली.

पहिला अख्खा तास प्रत्येकाचा सा, म्हणजे त्याची सरगम ज्या उंचीवरून सुरू होते तो स्वर, ठरवण्यात जातो आणि तो उरकून टाकत नाहीत, हे फार चांगलं. तानपुरा लावून 'आ' म्हणत खाली मंद्र धैवतापर्यंत (खालच्या सप्तकातला ध) आणि वर तार मध्यमापर्यंत (वरच्या सप्तकातला म) जायला सांगतात. खाली आवाज नुसता वारा होऊन विरला तर सा चढवायचा. वर जाताना हनुवटी उचलली गेली, मानेच्या शिरा ताणल्या तर उतरवायचा. मुली आणि बायका बहुधा काळी चार-काळी पाचला (हे पेटीच्या पट्ट्यांचे क्रमांक) बसतात, पुरुष काळी एकच्या आगेमागे. म्हणूनच पुरुषांची तुकडी वेगळी ठेवली आहे. सगळ्यांना एकाच 'सा'मध्ये गायला लावलं की अर्धी मंडळी पुटपुटतात, आणि पुटपुटणाऱ्याची चूक शिकवणाऱ्याला ऐकूच येत नाही. आवाज फुटायच्या वयातल्या मुलांचा सा दर महिन्याला पुन्हा तपासतात.

कीबोर्ड शिकून आलेल्या मुलांची अडचण निराळी असते. त्यांच्या डोक्यात पांढरी एक म्हणजेच सा, कायमचा. सा काळी चारवर नेला की ती बोटांच्या जागा आठवू लागतात आणि सगळी नावं घसरतात. वर्गातला उपाय साधा आहे: पेटीच्या पट्ट्यांवर रुमाल टाकायचा आणि तेच वाक्य आज काळी चारवर, उद्या पांढरी पाचवर म्हणून घ्यायचं. नाव जागेला नसतं, साशी असलेल्या नात्याला असतं, हे साधारण तिसऱ्या आठवड्यात त्यांना उमगतं.

अलंकारांवर (ठरावीक क्रमाने स्वर म्हणण्याच्या सरावावर) वेळ बेताचाच देतात. सारेग, रेगम हे सरळ पलटे एक आठवडा, मग लगेच उड्या: साग, रेम, गप, साम, साप. हे योग्यच आहे. सरळ चढ-उतारात जीभ सवयीने पुढचं नाव घेते, कान झोपला तरी चालतं. उडीत तसं चालत नाही.

पहिली गाणी गुलाबाईची. खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी म्हटली जाणारी ही गाणी बहुतेक चार-पाच स्वरांत फिरतात, ओळी आखूड असतात आणि तीच चाल कडव्यामागून कडवं येत राहते. सरगमेसाठी याहून सोयीचं सामान शोधून सापडणार नाही. फिल्मी गाण्यापासून सुरुवात करणाऱ्या शिकवण्यांनी हे जरूर पाहावं. खानदेशातल्या कानबाई देवीची गाणीही घेतात. अहिराणी येणाऱ्या घरातली मुलं इथे पटकन खुलतात, कारण शब्द आणि चाल दोन्ही आजीकडून आधीच कानावर असतात.

यानंतर राष्ट्रगीत. उभं राहूनच म्हणून घेतात. सगळ्यांना पाठ, शाळेत रोजचं, म्हणून सोपं वाटतं, आणि इथेच बहुतेकांची पहिली खरी चूक पकडली जाते. सुरुवात सा, रे, ग. इथवर ठीक. पुढे 'गण'च्या 'ग'पासून 'नायक'च्या 'क'पर्यंत नऊ अक्षरं एकाच गंधारावर, म्हणजे ग वर, आहेत. मुलं तिथे ग-म-प असं चढायला लागतात. गळा बरोबर ग वर थांबलेला असतो, पण जिभेला अलंकारांची सवय आणि शब्द तर पुढे सरकतोय, त्यामुळे नाव बदलतं. त्यातून 'मन'चा 'म' नेमका ग वर येतो. शब्दातला म आणि स्वरातला म यांची गल्लत होऊन 'ग ग म' असं हमखास निघतं. उपाय म्हणून शिक्षिका नऊ अक्षरांना नऊ बोटं उघडायला लावतात आणि प्रत्येक बोटाला 'ग' म्हणायला सांगतात. 'जय हे'ला रे, ग, म. मग 'भारत भाग्य विधाता' उतरताना 'धा'ला आवाज साच्या खाली मंद्र निषादाला (खालच्या नि ला) टेकून येतो. ते टेकणं बहुतेकांना ऐकू येत नाही, ते 'रे रे सा' म्हणून मोकळे होतात. पुढे 'मराठा'पाशी तीव्र मध्यम (नेहमीच्या म पेक्षा चढा म) डोकावून जातो. बाकी सगळे स्वर शुद्ध (मूळ जागेवरचे) असल्यामुळे तो एक स्वर वेगळा आहे हे ज्याला आपणहून ऐकू आलं, त्याचा कान तयार होऊ लागला. दोन ओळींवर दोन तास जातात. एकही मिनिट वाया जात नाही.

नव्या गाण्याला हात घालण्याची इथली पद्धत पक्की आहे. शब्द काढून ओळ 'ला'वर गायची. ओळीतला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर शोधायचा. वहीत अक्षराखाली बाण काढायचे: चढला, उतरला, तिथेच राहिला. मग सा शोधायचा, मग नावं, मग टाळीवर मात्रा (तालाचे ठोके), आणि कण (मुख्य स्वराला निसटते लागणारे स्वर) अगदी शेवटी. कण आधी लिहायला घेतले तर एका ओळीत वीस-बावीस स्वर गोळा होतात आणि मूळ सांगाडा दिसेनासा होतो.

यात सगळ्यात घातक चूक सा शोधतानाच होते. गाणं ज्या स्वरावर सुरू झालं तोच सा, असं शिकणारा धरून चालतो. बरीच गाणी ग, प किंवा मंद्र नि वर सुरू होतात. ओळखायची खूण अशी: चाल साधी, मोकळी वाटते, पण वहीत तीन-चार कोमल (मूळ जागेपेक्षा खालचे) स्वर उतरले, तर आधी सा तपासा. बिलावलातल्या (सगळे शुद्ध स्वर असलेल्या रागातल्या) गाण्याचा गंधार सा म्हणून धरला की रे, ग, ध, नि चारही कोमल निघतात आणि कागदावर थेट भैरवी उभी राहते! तानपुरा चालू ठेवून ओळ गायली की चूक लगेच टोचते, म्हणून शोधताना तानपुरा बंद करायचा नाही हा इथला नियम आहे.

भूप, मग दुर्गा, बिलावल, यमन, आणि तिसऱ्या महिन्यात खमाज, काफी, भैरवी असा रागांचा क्रम आहे. भूपात धैवतावरून तार साकडे उडी मारताना मधे त्या रागात नसलेला नि घुसतो. दुर्गात तसाच नसलेला ग सारखा घुसतो. या दोन चुका सुटल्याशिवाय पुढे नेत नाहीत. कोमल स्वरांत मोठी अडचण अशी की कोमल रे आणि शुद्ध रे, दोघांनाही तोंडाने 'रे'च म्हणायचं असतं. नावातून फरक कळत नाही. म्हणून कोमलला तळहात खाली, तीव्र मध्यमाला मूठ वर, अशी खूण गातानाच करायला लावतात. मोठ्या माणसांना सुरुवातीला संकोच वाटतो, पण उपयोग नक्की होतो. खमाजात चढताना शुद्ध नि, उतरताना कोमल नि, आणि हात आपोआप वळतो.

मात्रांकडे मात्र दुर्लक्ष आहे. केहरवा तालाच्या ८ आणि दादरा तालाच्या ६ मात्रा हातावर मोजतात, पण लांबवलेल्या स्वराची रेघ वहीत टाकण्याबाबत आग्रह नाही. 'ग – – रे' आणि 'ग रे' यांत गाण्याचा जीव आहे. रेघ गळाली की स्वर बरोबर आणि गाणं अनोळखी, असा प्रकार होतो. घरी सराव करताना डोळ्यांनी नाही, टाळी देऊन वाचावं.

लेखनपद्धतीविषयी एक इशारा इथे कुणी देत नाही, तो आम्ही देतो. वर्गात भातखंडे पद्धत वापरतात: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. पलुसकर पद्धतीत मंद्र स्वराच्या डोक्यावर टिंब असतं आणि तार स्वरावर उभी रेघ. म्हणजे तेच टिंब एका पुस्तकात वरचं सप्तक सांगतं, दुसऱ्यात खालचं. घरातल्या जुन्या पुस्तकावरून सराव करणाऱ्याने पहिल्या पानावरचा चिन्हांचा खुलासा वाचल्याशिवाय एकही ओळ म्हणू नये.

आता तक्रारी. वर्गातली पेटी साडेतीन सप्तकांची, खर्ज-नर जोडीची (रीडचे, म्हणजे आवाज काढणाऱ्या धातूच्या पातळ जिभांचे, दोन संच असलेली), आवाजाला भरदार आहे. पण आम्ही पाहिली तेव्हा तिची काळी चार तानपुऱ्याशी जुळत नव्हती. दोन्ही एकत्र वाजले की आवाजात लाट उठते, आणि नेमका तोच बहुतेक मुलींचा सा. जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला टेकतो, लाकूड आकसतं, हवा गळू लागते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. धूळ रीडवर बसते ती वेगळीच. इथल्या हवेत पेटी वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून सुरात लावून घ्यावीच लागते. घरी पिन घेऊन रीड खरवडू नये: टोकाशी धातू निघाला तर स्वर चढतो, बुडाशी निघाला तर उतरतो, आणि निघालेला धातू परत बसवता येत नाही. सूर लागलेल्या पेटीचाही शुद्ध गंधार तानपुऱ्यातून निघणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं). कान घडवायचा तर गंधार तानपुऱ्याकडून घ्यावा आणि पेटी फक्त तपासणीला ठेवावी. इथे दुसऱ्या महिन्यानंतर चाल पेटीवर सोबत वाजवत राहतात, ते आम्हाला मान्य नाही. सोबत वाजणारी पेटी चुकलेल्याला ओढून नेते आणि चूक झाकते.

दुसरी तक्रार व्हॉट्सॲप ग्रुपची. रविवारी गृहपाठ म्हणून ओळ देतात आणि त्याच संध्याकाळी कुणीतरी तिच्या सरगमेचा फोटो टाकतं. वर्गाने इतक्या मेहनतीने कानावर आणलेलं काम पाच मिनिटांत पुन्हा अक्षरांवर येतं. फोटो शुक्रवारी टाकावा, एवढा साधा बदल पुरेसा आहे.

भुसावळ, एरंडोल, धरणगावकडच्यांसाठी ऑनलाइन तुकडी आहे. तिथे एकत्र गाणं शक्य नसतं, आवाज क्षणभर मागे पडतो. एकेकाने गायचं, बाकीच्यांनी माईक बंद ठेवायचा. तानपुरा मधेच गायब होतो अशी ओरड ऐकू येते. त्याचं कारण असं की व्हिडिओ कॉलचं गोंगाट कमी करणारं सेटिंग सलग वाजणाऱ्या तानपुऱ्यालाही गोंगाट समजून कापतं. ते सेटिंग बंद करावं आणि प्रत्येकाने आपल्या घरी दुसऱ्या फोनवर, त्याच 'सा'मध्ये, तानपुरा लावावा. कानाच्या तपासणीपुरतं तरी महिन्यातून एकदा समक्ष यावंच.

कसोटीचं म्हणाल, तर ४ महिने पूर्ण केलेल्यांपैकी ज्यांनी उड्यांचे पलटे रोज केले होते, ते मिटलेल्या पेटीसमोर वहीत न उतरवलेल्या ओळीचे शुद्ध स्वर सांगू शकतात. कोमल स्वर आले की अडखळतात, आणि त्याला तिसऱ्या महिन्याची घाई कारण आहे. काफी आणि भैरवी एकाच महिन्यात कोंबण्याऐवजी वर्ग ५ महिन्यांचा केला तर बरं होईल.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक किंवा प्रवेशिका या संगीत परीक्षांना बसणाऱ्यांनी हा वर्ग परीक्षेच्या शिकवणीऐवजी नाही, तिच्या आधी करावा. परीक्षेची सत्रं एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतात, त्या हिशेबाने जुलैची तुकडी धरली तर नोव्हेंबरच्या आत वर्ग संपतो. १० वर्षांखालच्या मुलांना सव्वा तास बसवत नाही. जाताना आडव्या रेघांची नाही, चौकटींची वही न्यावी, एका चौकटीत एक मात्रा. शिसपेन आणि खोडरबर न्यावं, पेन नको. जागा तानपुऱ्याजवळची धरावी, पेटीजवळची नव्हे.