भाड्याच्या मोटरहोमने स्वित्झर्लंड: पाचपैकी साडेतीन

सप्टेंबरात आम्ही चौघं जर्मनीतून भाड्याचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन आठ दिवस शेजारच्या स्वित्झर्लंडला जाऊन आलो. गाडी फियाट डुकाटो व्हॅनवर बांधलेली, सात मीटर लांब. चालवली मीच, नवरा नकाशावर.

कंपनीच्या माणसाने ताबा देताना तासभर सगळं दाखवलं: गॅसच्या टाक्या, सांडपाण्याचा नळ, संडासाची कॅसेट (मैल्याची टाकी) कशी ओढून काढायची. विन्येट, म्हणजे महामार्गाच्या टोलचं स्टिकर, काचेवर लावलेलंच आहे, असंही सांगितलं. होतंच, पण गेल्या वर्षीचं. बाझेलच्या नाक्यावर कस्टमवाल्याने काचेवर नुसतं बोटाने टकटक केलं आणि माझ्याकडे बघितलं. तिथे महामार्गावर जागोजागी टोल नसतो, वर्षाचं एकच विन्येट, ४० फ्रँक. आठवडाभर फिरा की वर्षभर, पैसे तेवढेच. नसताना सापडलात तर २०० फ्रँक दंड आणि विन्येट घ्यावं लागतं ते वेगळंच. आम्ही तिथेच विकत घेतलं. कंपनीने पैसे परत दिले, तेही तीन मेल लिहिल्यावर.

पण माझी खरी तक्रार वजनाची. ही गाडी ३,५०० किलोपर्यंतची. त्याच्या वर गाडी भरणं बेकायदेशीर. याबद्दल ताबा देणारा चकार शब्द बोलला नाही. निघताना सहज शंका आली म्हणून भंगाराच्या यार्डातल्या काट्यावर गाडी चढवली तर ३,५८०! मागे चार सायकली, पाण्याची टाकी काठोकाठ. शंभर लिटर पाणी म्हणजे सरळ शंभर किलो, हे शाळेत शिकलेलं गणित तिथे आठवलं. टाकी जवळपास रिकामी केली, तेव्हा कुठे काटा खाली आला. त्यानंतर रोज कॅम्पवर पोचल्यावरच पाणी भरायचो.

लाउटरब्रुनेनला मुक्काम केला तिथून श्टाउबबाखचा जवळजवळ तीनशे मीटरचा धबधबा खिडकीत दिसत होता. मुलं त्यावर खूश, मी मात्र चाकाखाली पाचरी सरकवत बसले. या गाड्यांतला गॅसवर चालणारा फ्रिज गाडी कलती असेल तर नीट थंड होत नाही. पहिल्या रात्री हे माहीत नव्हतं, सकाळी दूध नासलेलं.

ग्रिमसेल घाट, उंची २,१६४ मीटर. वळणापलीकडून तीन सुरांचा हॉर्न आला आणि पाठोपाठ पिवळी पोस्टबस, म्हणजे टपाल खात्याची प्रवासी बस. निळ्या पाटीवर टपालाचं पिवळं शिंग (बिगुल) असलेल्या डोंगररस्त्यांवर तिच्या ड्रायव्हरचं ऐकावंच लागतं. त्याने हाताने ‘मागे’ अशी खूण केली. मागच्या कॅमेऱ्यात धुकं, म्हणजे काचेच्या आतच बाष्प धरलेलं. नवरा खाली उतरून हातवारे करतोय आणि मी वीस मीटर मागे. घाम फुटला होता. उतरताना मात्र दुसऱ्या गिअरने छान मजा आली, ब्रेकला फारसा हात लावावा लागला नाही.

पलंग ऐसपैस, हीटर झकास, इंजिनाबद्दल तक्रार नाही. अर्धा तारा कॅमेऱ्याचा कापला, एक ताबा देणाऱ्याचा. पुढच्या खेपेला हीच गाडी घेईन, सायकली घरी ठेवून. नवऱ्याचं म्हणणं, सायकली न्यायच्या आणि माझी बॅग घरी ठेवायची.