ॲक्सिड्रॉ व्ही३ : यंत्राच्या हाती पेन देताना

ॲक्सिड्रॉ व्ही३ हे पेनाने रेखाटन करणारे यंत्र मी वर्षभर वापरत आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने रचलेली चित्रे कागदावर उतरवण्यासाठीच ते घेतले असल्यामुळे हे परीक्षणही त्याच वापराचे आहे. अमेरिकेतील एव्हिल मॅड सायंटिस्ट या संस्थेने घडवलेल्या या यंत्राची रचना साधी आहे: दोन स्टेपर (ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या) मोटारी पेन फिरवतात आणि एक छोटी सर्वो मोटार ते उचलते व टेकवते. रेखाटनाची जागा सुमारे ३०० गुणिले २१८ मिलिमीटर, म्हणजे साधारण ए४ कागदाएवढी आहे. पेनाची पकड यंत्राच्या चौकटीबाहेर असल्याने जाड वहीवरही काम होते, आणि शाईचे पेन हातात धरावे तसे तिरके बसवता येते, ही सोय मला फार मोलाची वाटते.

अडचण सुरू होते ती चित्र देताना. वर्णनावरून चित्र तयार करणारी सॉफ्टवेअर्स रंगीत बिंदूंची प्रतिमा देतात आणि यंत्राला हव्या असतात रेषा. इंकस्केप या रेषाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या प्रतिमेचे नेहमीच्या पद्धतीने रेषांत रूपांतर केले, की प्रत्येक फटकाऱ्याच्या दोन्ही कडा वेगळ्या काढल्या जातात, आणि एका सुंदर रेघेच्या जागी दोन भित्र्या रेघा उमटतात. मी १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी मागितली, तेव्हा पडद्यावर ती देखणी दिसली. मोजल्यावर मात्र ओळींतील ठिपक्यांचा मेळ बसेना. मधल्या ओळीत १५ आणि दोन्ही बाजूंना एकेक कमी होत ८ पर्यंत, अशा रांगोळीत १६९ ठिपके यायलाच हवेत.

मग मी चित्र मागणे सोडले आणि संवाद साधणाऱ्या सॉफ्टवेअरकडून रांगोळीचे नियम पाळून रेषांची फाइल तयार करणारा पायथन या संगणकभाषेतला प्रोग्रॅम लिहून घेतला. पहिल्या प्रयत्नात ठिपके चौकोनी मांडणीत आले. एकाआड एक ओळ अर्ध्या अंतराने सरकते हे समजावल्यावर मांडणी अचूक झाली. माझ्या मते या यंत्राला साजेसा मार्ग हाच आहे. चित्रकार हॅरॉल्ड कोहेन यांनी १९७०च्या दशकापासून आपल्या ‘आरॉन’ या प्रणालीला रेखाटनाचे नियम शिकवले आणि तिची चित्रे यंत्रांकरवी कागदावर काढून घेतली, ती परंपरा येथे घरच्या टेबलावर अनुभवता येते.

यंत्राला हाताचा दाब ठाऊक नाही. पेन केवळ वजनाने टेकते. त्यामुळे बॉलपेन फिके उमटते, फाइनलायनर (बारीक टोकाचे शाईपेन) उत्तम चालते आणि कुंचल्याचा जाड-बारीक फटकारा मिळत नाही. दाट रेषा एकमेकींवरून गेल्या की पातळ कागदाचे तंतू सुटतात, म्हणून २०० जीएसएमहून (दर चौरस मीटरला २०० ग्रॅमहून) हलका कागद मी वापरत नाही. पावसाळ्यात कागद सादळून कडांशी उचलला जातो. चारही बाजूंनी चिकटपट्टी लावणे आवश्यकच आहे. ज्यांना पडद्यावरचे चित्र जसेच्या तसे हवे आहे, त्यांनी प्रिंटर घ्यावा. ज्यांना रेषेचा विचार करायचा आहे, त्यांना मी हे यंत्र निःशंकपणे सुचवेन.

उमटलेली रांगोळी आईला दाखवली, तेव्हा तिने पाकळ्या मध्येच कुठूनही का सुरू होतात, असे विचारले; तिचा हात नेहमी मधल्या ठिपक्यापासून बाहेर जातो. प्रोग्रॅममधील रेषांचा क्रम मी त्याप्रमाणे बदलला आहे.