दोन १०८० टीआय, नऊ महिने : माझा अनुभव

गणपतीत गेमिंगसाठी दुसरं जीटीएक्स १०८० टीआय, म्हणजे एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड, घेतलं. पहिलं २०१७ पासूनचं, अजून ठणठणीत. त्याच्याच जोडीचं सेकंडहँड बऱ्या भावात मिळालं. मदरबोर्डवर स्लॉट रिकामा, पॉवर सप्लाय ८५० वॅटचा आधीपासूनच. नव्या कार्डापेक्षा हेच परवडेल असा हिशोब केला. आता जून उजाडलाय, आणि फक्त गेमिंगसाठी दोन कार्डं लावू नका, हे अगदी कळकळीनं सांगतो.

पहिल्या रात्री मात्र हरखून गेलो होतो. शॅडो ऑफ द टूम रेडर फोर-केमध्ये एका कार्डावर सेकंदाला ४५ फ्रेमच्या (चित्रांच्या) आसपास चालायचा, दोन्हींवर ८० च्या पुढे गेला! त्या गेममध्ये दोन कार्डांची सोय बनवणाऱ्यांनीच करून ठेवलीय. असे गेम बोटांवर मोजण्याइतके. एसएलआय, म्हणजे दोन कार्डं जोडून चालवायची एनव्हिडियाची पद्धत, त्यात एक फ्रेम हे कार्ड काढतं, पुढची ते. हल्लीचे गेम कडा गुळगुळीत करायला मागच्या फ्रेमची माहिती वापरतात. ती असते शेजारच्या कार्डात, मग एक दुसऱ्यासाठी ताटकळतं. शिवाय २० सिरीज आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नवे एसएलआय प्रोफाइल (एखादा गेम दोन कार्डांवर चालवायची ड्रायव्हरमधली सेटिंग) देणं एनव्हिडियानं १ जानेवारी २०२१ पासून थांबवलं. त्यानंतर आलेले जे गेम मी खेळलो, त्यांत एक कार्ड राबतंय आणि दुसरं निवांत बसलंय, हेच दिसलं. काही जुन्या गेममध्ये दोन्ही चालतात, पण कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा ७० म्हणतो आणि चित्र अडखळत सरकतं. मेमरीही ११ अधिक ११ अशी २२ जीबी होत नाही, दोन्हींत तोच डेटा भरला जातो.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. नाशिकची हवा थंड म्हणतात, पण सिडकोतल्या वरच्या मजल्यावर दुपारी स्लॅब तापलेला असतो. प्रत्येक कार्ड २५० वॅटचं, म्हणजे खोलीत ५०० वॅटचा हीटर. खालच्या कार्डाची गरम हवा थेट वरच्याच्या पंख्यात. वरचं ८४ अंशांवर जाऊन वेग कमी करायचं. कॅबिनेटची बाजू उघडून टेबलफॅन लावला, तेव्हा जरा बरं. १००० व्हीएचा यूपीएस एका कार्डाला पुरायचा. दोन्ही भरात असताना वीज गेली की ओव्हरलोडची शिट्टी आणि मशीन बंद. खेळ तर गेलाच, हार्डडिस्कची धास्ती वेगळी.

बहीण इंटिरियरची कामं करते, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (खोलीची तयार चित्रं) काढते. तिथे या जोडीचं चीज झालं, रेंडरचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. सीन मात्र एका कार्डाच्या ११ जीबीत बसायला हवा. म्हणून दोन्ही कार्डं आता तिच्या मशीनमध्ये आहेत, आणि मी एकाच नव्या कार्डासाठी पैसे साठवतोय. ब्लेंडरला एसएलआय ब्रिज, म्हणजे दोन कार्डं जोडणारी पट्टी, लागत नाही, तो माझ्याकडे पडून आहे. नाशिकमध्ये जुनं एसएलआय मशीन कुणी जपून ठेवलं असेल तर तो ब्रिज घेऊन जा, पैसे नकोत.